मोबाइलवरील पुस्तक आणि आपले डोळे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे विस्तारून)





कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'मोबाइलवर पुस्तक कसे वाचावे' असा छापलेला पाहून आपल्यातील एका बुजुर्गांनी मला चहाच्या वेळी बाजूला घेतले आणि म्हणाले, "मास्तर, मुलांच्या हातातला मोबाइल कसा काढावा ते सांगायचे सोडून तुम्ही हे काय घेऊन बसलात?" त्यांची तक्रार रास्त आहे. मी स्वतः दोन मुलांचा बाप आहे आणि जेवणाच्या वेळी मोबाइल उचलून फ्रिजवर ठेवण्याचे काम माझ्याही घरी रोज चालते. परंतु मोबाइल घरात आलेला आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा आपणच तो मुलांच्या हाती दिला आणि शाळा सुरू झाल्या तरी तो परत गेला नाही. तेव्हा त्याच्यावर मुले काय करतात, या प्रश्नाचे उत्तर 'काहीच करू नये' इतकेच देऊन आपले भागणार नाही. त्याच्यावर पुस्तक वाचता येते. मात्र ते नीट वाचावे लागते. नीट न वाचल्यास काय होते ते मी माझ्याच एका चुकीवरून सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगी होती. वाचनाची विलक्षण आवड. शाळेच्या ग्रंथालयाची दोन कपाटे; त्यांतील वाचण्याजोगी पुस्तके तिने दिवाळीपर्यंत संपविली आणि "सर, अजून काही आहे का?" म्हणून माझ्या मागे लागली. मी काय केले? एका जुन्या मराठी कादंबरीची पीडीएफ माझ्याकडे कुठूनशी आली होती, ती वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर पाठवून दिली. तीनशेहून अधिक पाने. कोणीतरी ग्रंथालयातील प्रत काचेवर पालथी घालून एकेक पान स्कॅन केलेले. कडा काळवंडलेल्या, काही पाने तिरकी. एका बोटाने वाचनालय उघडून दिल्याचे समाधान मला वाटले.

तीन आठवड्यांनी त्या मुलीची आई शाळेत आली. म्हणाली, "सर, तुमच्या पुस्तकाने पोरीचे डोके धरलेय. रात्री मोबाइल डोळ्यांजवळ घेऊन बसते, सकाळी डोळे लाल. तिच्या अब्बांना फोनवर सांगितले, तर ते म्हणाले, मोबाइल कपाटात ठेव आणि चावी तुझ्याकडे." अब्बा कुवेतला. आपल्या भागातील किती घरांत असे आहे हे मी आपणांस सांगायला नको. हुकूम आखातातून येतो आणि अंमलबजावणी अम्मीने करायची. मोबाइल कपाटात गेला, त्याबरोबर कादंबरीही गेली.

त्या रात्री मी तीच पीडीएफ माझ्या मोबाइलवर उघडली. खरे सांगायचे तर तोपर्यंत मी ती वाचलीच नव्हती, नुसती पुढे पाठविली होती. चार पाने वाचली आणि माझेही डोके धरले. दोन बोटांनी पान मोठे करावे, तर ओळीचे टोक पडद्याबाहेर जाते. ओळ वाचण्यासाठी पान उजवीकडे सरकवावे, पुढच्या ओळीसाठी पुन्हा डावीकडे आणावे. एका पानाला तीस ओळी म्हणजे साठ वेळा सरकवणे. या कसरतीत त्या मुलीने शंभरावर पाने वाचली होती. तिच्या चिकाटीला सलाम करावा की माझ्या बेफिकिरीची लाज बाळगावी, हे मला त्या रात्री समजेना.

मग मी पट्टी घेऊन बसलो. हिशेब शाळेतल्या त्रैराशिकाचा आहे. मोबाइलच्या पडद्याची रुंदी साधारण सात सेंटिमीटर. परीक्षेच्या कागदाच्या आकाराचे, म्हणजे ए-फोर पान एकवीस सेंटिमीटर रुंद असते. ते पान सात सेंटिमीटरात बसवायचे म्हणजे प्रत्येक अक्षर एकतृतीयांश होणार. छापताना बारा पॉइंटाचे असलेले अक्षर पडद्यावर चार पॉइंटाचे उरते. औषधाच्या पाकिटातील घडीच्या कागदावरही अक्षर याहून मोठे असते. नेहमीच्या कादंबरीचे पान चौदा सेंटिमीटर रुंद. ते निम्मे होते. म्हणजे सहा पॉइंट. त्यात देवनागरी लिपी! इंग्रजी अक्षराला वरखाली फारसे काही नसते. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. अक्षर बारीक झाले की आधी हेच गळतात आणि 'कुल' की 'कूल' हे डोळे मिचकावून पाहावे लागते. उर्दूची अवस्था तर याहून कठीण. नस्तालीक लिपी उतरत्या वळणाने चालते, नुक्ते दाटीवाटीने बसतात. नुक्ते पुसट झाले की बे, पे, ते यांत फरक काय राहिला?

यावर उपाय दोन आहेत आणि ते वेगवेगळे असल्यामुळे आधी एक मूळ भेद समजून घ्यावा लागेल. विद्यार्थ्यांनी हा भेद वहीत टिपून ठेवला तरी चालेल.

मोबाइलवर येणारी पुस्तके दोन जातींची असतात. एक पीडीएफ. अडोबी कंपनीने १९९३ साली हा प्रकार आणला. कोणत्याही यंत्रावर उघडा, कोणत्याही छपाईयंत्रावर छापा, पान जसेच्या तसे दिसावे, हा त्याचा हेतू आणि तो त्याने उत्तम पार पाडला. दाखला, अर्ज, प्रश्नपत्रिका यांसाठी त्याच्यासारखे दुसरे नाही. पण 'जसेच्या तसे' हा कागदासाठी जो गुण, तोच लहान पडद्यावर दोष ठरतो. दुसरी जात ईपब. हिला २००७ साली प्रमाणित रूप मिळाले. तिच्यात पान असे नसतेच, मजकूर असतो. जुन्या छापखान्यात खिळे जुळविणारा कंपोझिटर असे, तो आपण पाहिला नसला तरी बुजुर्गांनी पाहिला असेल. ईपब म्हणजे असा एक कंपोझिटर पुस्तकाबरोबर फुकट आला असे समजा. आपण म्हणावे, अक्षर मोठे हवे. तो क्षणात सगळे पुस्तक नव्याने जुळवून देतो, ओळी पडद्याच्या आत ठेवतो आणि पानांची संख्या वाढली तर वाढू देतो. उजवीकडे-डावीकडे सरकवणे संपले. शिवाय आकार लहान. नुसता मजकूर असलेली कादंबरी ईपबमध्ये बहुधा एक एमबीच्या आसपास बसते. स्कॅन केलेली तीच कादंबरी पन्नास एमबीचीही असू शकते.

तेव्हा पहिला उपाय हा, की ईपब मिळत असेल तर पीडीएफ घेऊ नये. ईपब उघडण्यासाठी गूगल प्ले बुक्स किंवा रीडएरा यांसारखे एखादे फुकट मिळणारे ॲप मोबाइलमध्ये घ्यावे. त्यात बहुधा दोन 'ए' अक्षरांचे चिन्ह असते, एक लहान व एक मोठे. ते दाबले की सर्व किल्ल्या हाती येतात. अक्षर इतके मोठे करावे की हात सहज दुमडून, साधारण एक फूट ते सव्वा फूट अंतरावरून, डोळे न ताणता वाचता यावे. एका ओळीत पाच-सहा शब्द आले तर पुरे. कमी शब्द आले म्हणून पुस्तक रागावत नाही. ओळींतील अंतर आहे त्यापेक्षा एक पायरी वाढवावे, कारण वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी यांची टक्कर मराठीत फार होते. आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नाही, अनुभवाने कळली. दोन्ही बाजू सरळ कापल्यासारख्या दिसण्याची जी मांडणी असते ती बंद करावी व ओळी फक्त डावीकडून जुळवाव्यात. मराठी शब्द लांब, ओळ आखूड. दोन्ही कडा जुळविण्याच्या हट्टापायी शब्दांमध्ये इतकी मोकळी जागा पडते की वाचताना नजर त्या खड्ड्यांतून घसरते. आणि मजकूर सतत वर सरकवत नेण्याऐवजी पान उलटण्याची सोय निवडावी. सरकत्या मजकुरात आपण कुठे होतो हे नजरेला पुन्हा शोधावे लागते.

परंतु मराठी वाचकाची खरी अडचण अशी, की आपल्याला ईपब थोडे आणि पीडीएफ फार मिळतात. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या डिसेंबरपासून विकत मिळू लागली. ती अक्षर लहानमोठे करून वाचता येतात. पण जुना ठेवा बहुतेक स्कॅन केलेला. शिवाय संगणकावर टंकलिहिलेली कित्येक जुनी मराठी पुस्तके कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत आहेत. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ सालीच जागा मिळाली होती, पण आपल्या छापखान्यांनी ती वापरायला पुढे बराच काळ घेतला. अशा पीडीएफमधील मजकूर उचलून दुसरीकडे नेला की नुसती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे उरतात. म्हणून त्यांचे ईपब सहजासहजी होत नाही.

तेथे दुसरा उपाय कामी येतो. पुस्तकाच्या छापील पानाला चारी बाजूंनी कोरी जागा असते. चौदा सेंटिमीटर रुंदीत प्रत्यक्ष मजकूर दहा सेंटिमीटरांचाच. रीडएरासारख्या ॲपमध्ये हा कोरा समास छाटून दाखविण्याची सोय आहे. ती वापरली की मोबाइल उभा धरूनही सहा पॉइंटाचे अक्षर आठ पॉइंटाचे होते. आता मोबाइल आडवा करा. पडद्याची रुंदी पंधरा सेंटिमीटर झाली आणि दहा सेंटिमीटरांची ओळ त्यात पसरली. अक्षर छापील पुस्तकापेक्षाही दीडपट मोठे! पान दोन-तीन टप्प्यांत वाचावे लागते एवढेच. पुस्तक तेच, मोबाइल तोच. ए-फोर आकाराचे पान असले तरी आडव्या पडद्यावर बारा पॉइंटाचे साडेआठ पॉइंट राहतात, समास छाटला तर त्याहून जास्त. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात विनामूल्य मिळतात, त्यांनाही हाच उपाय लागू आहे.

आता डोळ्यांविषयी. मी डॉक्टर नाही. पण पालकांच्या मनात जे दोन-तीन समज घट्ट बसले आहेत त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

त्या मुलीला तिच्या आईने तालुक्याच्या गावी नेऊन डोळे तपासले. उणे सव्वाचा नंबर निघाला. आईने अर्थातच सगळा दोष मोबाइलला दिला. परंतु लांबचे न दिसण्याचा नंबर तीन आठवड्यांच्या कादंबरीने येत नाही. तो आधीपासून होता. मुलगी माझ्याच वर्गात चौथ्या बाकावर बसून शेजारणीच्या वहीतून फळा उतरवून घेत होती आणि ते माझ्या लक्षात आले नव्हते. डोकेदुखीत बारीक अक्षरांचा वाटा किती आणि नंबराचा किती, हे डॉक्टरांनी वेगळे करून सांगितले नाही. पण मुलाचे डोके दुखत असेल तर मोबाइल कपाटात टाकून प्रकरण मिटवू नका, आधी डोळे तपासा, एवढे मी प्रत्येक पालकाला हात जोडून सांगेन.

नंबर वाढण्याचे म्हणाल, तर जवळचे काम फार आणि उघड्यावर वावर कमी, या दोन्ही गोष्टी त्याच्याशी जोडल्या जातात. चीनमधील ग्वांगझू शहरात पहिलीच्या मुलांना शाळेत रोज चाळीस मिनिटे जादा मैदानावर नेण्याचा प्रयोग झाला. त्याचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत मैदानावर जाणाऱ्यांपैकी सुमारे तीस टक्के मुलांना जवळदृष्टी आली, तर न जाणाऱ्यांपैकी सुमारे चाळीस टक्के. म्हणजे संध्याकाळी मुलगा क्रिकेट खेळायला गेला तर तो डोळ्यांचेच काम करतो आहे. हे मुलींनाही लागू आहे. त्यांना अंगणापलीकडे जाऊ देण्याचा विचार पालकांनी करावा.

पडद्याकडे पाहताना आपण पापण्या कमी मिटतो. एरवी मिनिटाला पंधराच्या आसपास मिटतात. पडद्यासमोर हा आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो. डोळे कोरडे पडून चुरचुरतात ते यामुळे. म्हणून दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरच्या वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असे नेत्रतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे माडाच्या शेंड्याकडे पाहावे; वीस फुटांहून लांबच असतो. चष्म्याच्या दुकानात 'निळा प्रकाश अडविणारी' काच जादा पैसे घेऊन देतात, तिच्याविषयी अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांच्या अकादमीचे म्हणणे असे, की मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही आणि अशा चष्म्याची शिफारस ती करीत नाही. ते पैसे एखाद्या पुस्तकाला घाला.

प्रकाश किती ठेवावा यासाठी एक घरगुती कसोटी आहे. मोबाइलशेजारी वहीचा कोरा कागद धरावा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा उजळ दिसला तर तेज कमी करावे, राखाडी दिसला तर वाढवावे. खोलीतला दिवा विझवून, चादरीत शिरून वाचू नये. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे काहींना आवडतात, पण बराच वेळ वाचायचे असेल तर फिकट पिवळसर पार्श्वभूमीवर काळे अक्षर बहुतेकांना सोसते. कुशीवर पडून वाचताना पान आपोआप फिरते व वैताग येतो. ते फिरणे बंद करण्याची कळ मोबाइलमध्येच असते.

एवढे सारे करूनही मोबाइलवरचे वाचन कागदासारखे होते का? येथे मी आपणांस फसवणार नाही. नॉर्वेमध्ये दहावीच्या बहात्तर विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. काहींना मजकूर कागदावर दिला, बाकीच्यांना संगणकाच्या पडद्यावर पीडीएफ स्वरूपात. कागदावर वाचणाऱ्यांना तो अधिक समजला. पुढे २०१८ साली अशा चौपन्न अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातही कागद सरस ठरला, विशेषतः माहितीपर मजकुरात आणि घड्याळ लावून वाचताना. मात्र निव्वळ कथा वाचताना दोहोंत फरक आढळला नाही. यावरून मी माझ्यापुरता नियम केला आहे. इतिहास, विज्ञान, जे परीक्षेला लिहायचे, ते छापील पुस्तकातून आणि हातात पेन्सिल घेऊन. गोष्ट, कादंबरी, प्रवासवर्णन, चरित्र हे मोबाइलवर खुशाल वाचावे.

आणि वाचणारे वाचतात. जपानमध्ये या शतकाच्या आरंभी तरुण मुली साध्या, चिमुकल्या पडद्याच्या मोबाइलवर कादंबऱ्या लिहीत व वाचत. २००७ साली तेथील सर्वाधिक खपाच्या दहा कादंबऱ्यांपैकी पाच मूळच्या मोबाइलवरील होत्या. युनेस्कोने २०१४ साली सात देशांतील मोबाइलवर वाचणाऱ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांत भारत व पाकिस्तानही होते. पाहणीतील एकतृतीयांश माणसे आपल्या मोबाइलवरून लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवीत होती. हा आकडा मी मुद्दाम माता-भगिनींसाठी सांगितला.

वाचायला मिळते कुठे? लहान मुलांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर २०१५ पासून आहे. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांतील गोष्टी विनामूल्य मिळतात, उतरवून ठेवून इंटरनेटशिवायही वाचता येतात. मराठी विकिस्रोतावरील पुस्तके ईपब करून घेता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी प्रकाशने संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत, मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. उर्दूसाठी रेख्ता. तेथील जुनी पुस्तके स्कॅन केलेली आहेत, त्यामुळे मोबाइल आडवा धरावा लागेल. पण शायरी मजकुराच्या रूपात आहे आणि तीच गझल उर्दू लिपीत किंवा देवनागरीत वाचता येते, शब्दावर बोट ठेवले की अर्थ दिसतो. ज्या घरात दादी उर्दू वाचते आणि नात मराठी शाळेत शिकते, त्या घरात एकच गझल दोघींना वाचता यावी ही मला लहान गोष्ट वाटत नाही.

मात्र व्हॉट्सॲपवर फिरणारी हयात लेखकांची पुस्तके घेऊ नयेत आणि पुढेही पाठवू नयेत. ती चोरी आहे. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांचा असतो. साने गुरुजी १९५० साली वारले, त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ पासून सर्वांना खुली झाली. हे साधे गणित मुलांनाही करता येते.

आता बापांची मुख्य शंका: पोरगा पुस्तक म्हणतो आणि व्हिडिओ पाहतो. शंका खरी आहे. पुस्तक एकदा उतरवून घेतले की इंटरनेट लागत नाही. तेव्हा वाचनाच्या वेळी मोबाइल विमानाच्या चिन्हाची कळ दाबून बंद करावा, म्हणजे ना संदेश, ना व्हिडिओ. शिवाय बऱ्याच अँड्रॉइड मोबाइलमध्ये एकच ॲप पडद्यावर खिळवून ठेवण्याची सोय असते; 'सुरक्षा' या भागात 'ॲप पिन' शोधावे. कुलूपाचा आकडा आईकडे असला की मूल त्या पुस्तकाबाहेर जाऊ शकत नाही. कपाटाच्या चावीपेक्षा ही चावी बरी.

त्या मुलीच्या अब्बांना मी हेच कुवेतला फोन करून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, मी इथे रात्री ड्युटीवरून आल्यावर मोबाइलच बघतो. तिला नको म्हणताना मला बरे वाटत नव्हते." दीड महिन्याने मोबाइल कपाटातून निघाला. अट अशी, की जेवणानंतर पाऊण तास, अम्मीसमोर, दिवा लावून. चष्मा लावून, समास छाटून, मोबाइल आडवा धरून तिने तीच कादंबरी पूर्ण केली आणि शेवट आवडला नाही म्हणून माझ्याशी भांडली. शाळेच्या ग्रंथालयात कपाटे अजून दोनच आहेत. तिसऱ्यासाठी संस्थेकडे मी अर्ज केला आहे आणि अध्यक्ष महोदय समोरच बसले आहेत.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास मी प्रयोगशाळेशेजारच्या खोलीत बसतो. आपला मोबाइल घेऊन या. अक्षर मोठे करून, समास छाटून, एक पुस्तक घालून देईन. मोबाइल चार्ज केलेला असावा, आणि चष्मा असेल त्याने तो घरी विसरू नये.